जंताची गोळी मिळाली, पण ताटात काय? उंदरांवरचे प्रयोग पोखर्णीला काय सांगतात

फेब्रुवारी आणि ऑगस्ट. वर्षातून दोनदा शाळेत, अंगणवाडीत मुलांना जंताची गोळी चावून खायला लावतात. पावसाळा तोंडावर आला की शेळ्यांनाही जंताचं औषध पाजलं जातं. परभणी तालुक्यातल्या पोखर्णीत, म्हणजे नृसिंहाच्या पोखर्णीत, यातलं काहीच नवीन नाही. औषधही बऱ्याचदा दोघांना एकच असतं, अल्बेंडाझोल. ते आधी जनावरांसाठी आलं आणि मग माणसांसाठी.

औषध दिलं, जंत पडले, काम झालं, असं आपण धरून चालतो. मग काही महिन्यांत त्याच पोटात पुन्हा जंत कसे होतात? ‘अस्वच्छता’ हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. प्रयोगशाळेतले उंदीर आणि गोठ्यातल्या मेंढ्या गेली चाळीस वर्षं त्यात एक भर घालत आहेत. जंत आत शिरल्यावर तिथे किती दिवस मुक्काम ठोकणार, हे खाण्यातल्या प्रथिनांवरही ठरतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. एका हाताने जंताची गोळी द्यायची आणि दुसऱ्या हाताने शाळेच्या ताटातल्या अंड्याचे पैसे काढून घ्यायचे, हा हिशेब जुळत नाही. का जुळत नाही, ते समजायला आधी उंदरांकडे जावं लागेल.

उंदरांवर नेमकं काय केलं?

१९८६ मध्ये स्लेटर आणि कीमर या ब्रिटनमधल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांचे दोन गट. एकाच्या खाद्यात २ टक्के प्रथिनं, दुसऱ्याच्या खाद्यात ८ टक्के. उंदरांच्या आतड्यात राहणारा एक जंत आहे, हेलिग्मोसोमॉइडिस. त्याच्या अळ्या दोन्ही गटांना एकदाच भरपूर न देता थोड्या थोड्या, पुन्हा पुन्हा दिल्या. अंगणात अनवाणी खेळणाऱ्या मुलाला लागण होते तीही अशीच, थोडी थोडी आणि रोज.

२ टक्केवाल्या उंदरांच्या पोटात जंत साठतच गेले. आज काही, उद्या त्यात आणखी काही, जणू आत येणाऱ्याला कुणी अडवतच नव्हतं. ८ टक्केवाल्यांमध्येही सुरुवातीला जंत वाढले, पण काही आठवड्यांनी वाढ मंदावली. शरीर सावध झालं होतं. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. उंदरासाठी ८ टक्के म्हणजे मेजवानी नव्हे. प्रयोगशाळेच्या नेहमीच्या खाद्यात याच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात.

पुढे २००० मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या मर्लिन स्कॉट, क्रिस्टिन कोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जंतावर ३ टक्के आणि २४ टक्के प्रथिनांची तुलना केली. कमी प्रथिनं मिळालेल्या उंदरांत जंत जास्त काळ जगले. त्यांनी नुसते जंत मोजले नाहीत, शरीराची फौज कुठे कमी पडली तेही तपासलं. जंतांविरुद्धच्या लढाईची हाक देणारा इंटरल्यूकिन-४ हा रेणू कमी होता, आयजीई नावाची प्रतिपिंडं कमी होती, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशीही कमी होत्या.

प्रथिनांचा आणि जंतांचा संबंध काय?

जीवाणूला पांढरी पेशी गिळू शकते. जंताला गिळता येत नाही, तो पेशीच्या मानाने अजस्र असतो. म्हणून शरीर त्याला गिळायच्या फंदात न पडता हुसकावून लावतं. आतड्याचं अस्तर चिकट बुळबुळीत स्राव सोडतं, पाणी सुटतं, आतड्याची हालचाल वाढते आणि जंताला पकड ठेवणं अवघड होतं. हा स्राव, ती प्रतिपिंडं, हाका मारणारे रेणू, हे सगळं बनतं प्रथिनांपासून. झिजलेल्या अस्तराची डागडुजीही त्यातूनच होते. वर काही जंत रक्त पितात, काहींमुळे रक्तातली प्रथिनं आतड्यात झिरपतात. म्हणजे खर्च वाढतो तेव्हाच गळतीही सुरू होते.

त्यात आणखी एक विचित्र गोष्ट. जंत झालेलं जनावर कमी खातं. पण १९९४ च्या एका प्रयोगात कोकरांसमोर कमी आणि जास्त प्रथिनांची दोन खाद्यं ठेवून निवड त्यांच्यावर सोडली, तेव्हा जंत असलेल्या कोकरांनी जास्त प्रथिनांच्या खाद्याचा वाटा वाढवला. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना.

मग शरीर प्रथिनं कमी असताना काय करतं? माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं, त्यामुळे मला हे लोडशेडिंगसारखं दिसतं. वीज कमी पडली की सगळ्यांचीच थोडी थोडी कापत नाहीत, कुठला फीडर आधी बंद करायचा ते ठरलेलं असतं. स्कॉटलंडमधले कूप आणि किरियाझाकिस यांनी मेंढ्यांवरच्या अभ्यासातून नेमकं हेच मांडलं. टंचाईत शरीर आधी स्वतःला जिवंत ठेवतं. मग वाढ, गर्भ, दूध. एकदा कमावलेली जंतांविरुद्धची प्रतिकारशक्ती चालू ठेवण्याचा नंबर त्यांच्या मागे लागतो. शेतीपंपाच्या फीडरसारखा.

याचा पुरावा दूध पाजणाऱ्या माद्यांत मिळतो. पिलं झाली की मेंढीच्या लेंड्यांमध्ये जंतांची अंडी अचानक वाढतात, हे पशुवैद्यांना जुनं ठाऊक होतं. रॅट म्हणजे मोठ्या उंदरांवरच्या प्रयोगांत हौडाइक आणि सहकाऱ्यांनी दोन गोष्टी करून पाहिल्या. एकतर आईचं प्रथिन वाढवलं, नाहीतर तिच्याकडची पिलं कमी केली. दोन्ही वेळी आईच्या पोटातले जंत घटले. पुरवठा वाढवा किंवा मागणी कमी करा, लोडशेडिंग उठतं. जुळी पाजणाऱ्या मेंढ्यांना प्रथिनांचा जादा खुराक दिल्यावर त्यांच्या लेंड्यांतली अंडीही कमी झाली.

एक गैरसमज मात्र इथेच दूर केलेला बरा. प्रथिनं हे जंताचं औषध नाही. मुबलक प्रथिनं खाणाऱ्या जनावरालाही लागण होते, पहिल्या फेरीत तर जवळपास तेवढीच. ग्लासगोतल्या कोकरांवरच्या अभ्यासांत दोन्ही गटांत सुरुवातीची लागण सारखीच होती, पण रक्त कमी होणं आणि वजन घटणं कमी प्रथिनांच्या गटात जास्त दिसलं. फरक पडतो तो शरीराने किती सोसलं आणि जंतांना किती लवकर हुसकावलं यात.

पोखर्णीच्या शेळीला याचा काय उपयोग?

मराठवाड्यातली शेळी म्हणजे मुख्यतः उस्मानाबादी. काळी, काटक आणि जुळ्यांसाठी नावाजलेली. जुळी ही शेळीपालकाची कमाई. पण वर सांगितलेला हिशेब लावला तर दोन करडं पाजणारी शेळी म्हणजे दोन फीडर एकदम चालू. आणि पावसाळ्यात तिच्या चौथ्या पोटात हिमोंकस नावाचा रक्तपिपासू जंत बसलेला असतो.

एक हिमोंकस दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो. आकडा किरकोळ वाटतो. हजार जंत असले तर मात्र रोज ५० मिलिलिटर. २५-३० किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असतं सुमारे दोन लिटर. त्यात एक मादी जंत दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते, ती लेंड्यांतून बांधावर पडतात आणि दमट हवेत अळ्या गवतावर चढतात. शेळीच्या जबड्याखाली सूज आली, पाणी उतरलं, की समजायचं रक्तातलं प्रथिन तळाला गेलंय.

आता तिच्या खुराकाकडे बघा. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं साधारण ३ ते ५ टक्के. मॅकगिलच्या उपाशी गटाच्या ३ टक्क्यांची आठवण होते. तुलना जशीच्या तशी लावू नका. शेळी रवंथ करते, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव स्वतःही प्रथिन तयार करतात, आणि ती गाईसारखी कडब्यावर नसते, पाला ओरबाडते. तरीही उन्हाळ्याच्या शेवटी, गाभण काळाच्या अखेरीला, बांधावर पाला उरलेला नसताना ती त्या गटाच्या बरीच जवळ पोचलेली असते.

मला यातली खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. परभणी हा प्रथिनं पिकवणारा जिल्हा आहे. सोयाबीन, तूर, हरभरा, सरकी. सोयाबीन तेलाच्या कारखान्यात जातं, मागे राहिलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात आणि परदेशात जाते. शेताच्या मालकिणीची शेळी बांधावर वाळलेल्या गवताला तोंड लावत फिरते.

सगळ्या कळपाला पेंड घालणं कुणालाच परवडणार नाही, आणि प्रयोगही तसं सांगत नाहीत. नेम धरून खर्च करा, एवढंच त्यांचं म्हणणं. विण्याआधीचा शेवटचा महिना आणि व्याल्यानंतरचे पहिले काही आठवडे, त्यातही जुळी पाजणारी शेळी. तिला तुरीची चुनी, मूठभर सरकी पेंड, शेवरी किंवा शेवग्याचा पाला. सुबाभूळही चालतो, पण एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आत. खुराक हळूहळू वाढवावा, एकदम वाढवला तर पोट बिघडतं.

औषधही सगळ्यांना सरसकट पाजायची सवय आता महागात पडते आहे. हिमोंकस अल्बेंडाझोलच्या गटातल्या औषधांना दाद देईनासा झाल्याच्या नोंदी भारतासह जगभर आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी काढलेला उपाय सोपा आहे. शेळीची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लालबुंद असेल तर राहू द्या, पांढुरकी असेल तिलाच औषध. शंका असेल तर ताज्या लेंड्या डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजता येतात. औषधानंतर १० ते १४ दिवसांनी पुन्हा मोजून घेतली आणि अंडी ९५ टक्क्यांपेक्षा कमी घटलेली दिसली, तर औषध बदलायची वेळ आली, असं समजा.

परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कृषी विद्यापीठ आहे. जुळी पाजणाऱ्या उस्मानाबादी शेळ्यांचे दोन गट, एकाला चुनी आणि एकाला नाही, दोन्हींच्या लेंड्यांतली अंडी आठवड्याला मोजायची, असा प्रयोग आसपासच्या गावांतच उभा करता येईल. स्कॉटलंडच्या मेंढीपेक्षा पोखर्णीच्या शेळीचा आकडा इथल्या शेतकऱ्याला जास्त पटेल.

आणि मुलांचं काय?

अर्धा नर आणि अर्धा सिंह असलेल्या देवाच्या गावात, जनावराचं कुठे संपतं आणि माणसाचं कुठे सुरू होतं, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी. उंदरावरून मुलावर थेट उडी मारता येत नाही. मुलांना मुद्दाम कमी प्रथिनं देऊन जंतांच्या अळ्या पाजणारा प्रयोग कुणी करणार नाही, करूही नये. म्हणूनच तर उंदीर वापरले जातात. माणसांबद्दल आपल्याकडे आहेत ते आडवळणाचे पुरावे.

राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी २०१५ पासून सुरू झाला. १ ते १९ वर्षांच्या मुलांना ४०० मिलिग्रॅमची गोळी, १ ते २ वर्षांच्या बाळांना अर्धी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने भारतात २० कोटींहून अधिक मुलांना मातीतून पसरणाऱ्या जंतांचा धोका आहे. गोळी स्वस्त आहे, सुरक्षित आहे. मुलांना ती द्याच, हा लेख वाचून टाळू नका.

पण गोळीने काय होत नाही, तेही बघायला हवं. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख लहान मुलांवर झालेल्या अभ्यासात, जो २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल देऊनही मृत्युदरात फारसा फरक दिसला नाही. सरसकट गोळ्या दिल्याने मुलांचं सरासरी वजन किंवा हिमोग्लोबिन फारसं वाढत नाही, असं कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यांतही म्हटलंय. यावर तज्ज्ञांत जोरदार वाद आहे, ज्यांना जंत जास्त आहेत त्यांना फायदा होतोच असं दुसरी बाजू सांगते. मला यातून एवढंच दिसतं की गोळी जंत काढते, मूल वाढवत नाही. वाढवायचं काम ताटाचं.

इथे एका मराठी माणसाचा आक्षेप ऐकून घ्यायला हवा. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत जवळपास वीस वर्षं सांख्यिकी विभागाचे प्रमुख. जगभर ‘प्रथिनांची टंचाई’ असा घोष चालू असताना त्यांनी ठामपणे सांगितलं की भारतात खरा तुटवडा पोटभर अन्नाचा आहे. भाकरी-डाळ पुरेशी मिळाली तर प्रथिनंही बहुतेकांना पुरतात. उष्मांक कमी पडले की शरीर प्रथिनं जाळून टाकतं. पुढे पुण्यात काम करताना त्यांनी दूषित पाणी आणि आतड्याच्या संसर्गांकडेही बोट दाखवलं.

गंमत म्हणजे मॅकगिलच्या उंदरांनी त्यांना अर्धा दुजोरा दिला. १९९९ मध्ये त्याच प्रयोगशाळेने दाखवलं की नुसते उष्मांक कमी केले तरी जंतांविरुद्धची प्रतिकारशक्ती ढासळते. म्हणजे पोटभर हवंच. पण पोट भरलेलं असूनही प्रथिन २-३ टक्क्यांवर असेल तर जंत मुक्काम वाढवतात, हेही तितकंच खरं. सुखात्मेंचा हिशेब निरोगी माणसाचा होता. पोटात जंत असलेल्या मुलाची गरज वेगळी असू शकते, आणि उंदरांचे प्रयोग नेमकं त्याच कोपऱ्यावर टॉर्च मारतात.

महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत आणि ३६.१ टक्के कमी वजनाची, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत नोंदलंय. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, असा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी बंद झाला. द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगण्यात आलं.

आठवड्याला एक अंडं म्हणजे ६ ग्रॅम प्रथिन. त्याने जंत पळाले असते असा दावा मी करणार नाही, एवढ्याशा गोष्टीकडून तशी अपेक्षा ठेवणंही चूक. माझा मुद्दा दिशेचा आहे. एक अंडं कमी पडतं म्हणून तीन करायला हवी होती, तर आपण शून्यावर आलो. अंड्यावर धर्म-आहाराचे वाद होतात हे मान्य. मग फुटाणे द्या, मटकीची उसळ द्या, शेंगदाण्याची चिक्की द्या. केळं मात्र अंड्याला पर्याय होत नाही, त्यात प्रथिन जेमतेम एक ग्रॅम. ‘लोकसहभाग’ हा शब्द तर मला मुळीच पटत नाही. ज्या गावात देणारे हात आहेत तिथल्या मुलांना अंडं, आणि जिथे अर्धी वस्ती दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते तिथल्या मुलांना काय?

आता ताटातलाच हिशेब करा. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेच्या जेवणातून १२ ग्रॅम प्रथिन मिळावं, असा नियम आहे, सहावी ते आठवीला २० ग्रॅम. लहान मुलाच्या वाट्याला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ. तांदळातून साधारण ७ ग्रॅम, डाळीतून साडेचार. म्हणजे बारापर्यंत कसंबसं पोचतो, तेही कागदावर मोजलेली डाळ तेवढीच पातेल्यात पडली आणि वरण पातळ झालं नाही तर. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत जाणाऱ्या पालकांनी हा एकच आकडा विचारावा: आज पातेल्यात डाळ किती किलो पडली, आणि जेवायला मुलं किती होती? भागाकार मोबाइलवर होतो.